अस्वलाचं फोफसं

राजूर, १२ मार्च १९७२. संध्याकाळ.

डोंगरात मरून पडलेल्या अस्वलाचं फोफसं, म्हणजे फुप्फुस, धोंडूबाबा घेऊन आले. बायकोचा दमा जाईल म्हणून तिला शिजवून घालायला. हा उपाय परवा मीच त्यांच्या ओसरीवर फुशारकीत सांगितला होता. कुठं ऐकला, तेही आठवत नाही.

कापलं तर आत दोऱ्यासारखे पांढरे जंत.

“शिजल्यावर मरत्यात,” बाबा म्हणाले.

पण ते जंत... अस्वल त्या जंतांमुळेच मेलं असेल तर? पातेलं चुलीवर चढलं तसा मी पुढे झालो.

“बाबा, नका देऊ. मला काही माहीत नाही, मी उगाच बोललो.”

“आन् दोन दिस वैद्य म्हनून भाकरी खाल्लीस व्हय रं?”

काकू खोकत उठून बसल्या. “मंग आता म्या काय खाऊ, वैद्यबुवा?”