हिरवी कांडी

१९ ऑगस्ट २०१७, आर्णी

पोस्टर कलर चालत नाही. परवा ओतलेल्या कांड्या आजही बोटाले चिकटून राह्यल्या, अन् आतून दुधासारख्या गढूळ. पाण्यातला रंग रेझिनले सोसत नाही, हे आता कळलं. अख्खी बाटली वाया.

सादनं एक कांडी उचलून पाह्यली, म्हणाला, गुळाची म्हणून विकू. (नवऱ्याचं नाव इथंच घेते. त्याच्या अम्मीसमोर तोंडातून निघत नाही.)

खरादीवर लाकूड फिरवून, कातून सासऱ्यांच्या वेळेपासून पलंगाचे पाय अन् लाटणे होत आले. आता लोक लोखंडी पलंग घेतात. पेनाचं सादनंच मोबाइलवर पाह्यलं — पातळ रेझिन साच्यात ओतून घट्ट झालं की ती रंगीत कांडी खरादीवर लावायची अन् कातून पेनाचं अंग काढायचं. कातणं त्याचं, रंग माझा.

२४ ऑगस्ट

यवतमाळले गेलतो. क्राफ्टच्या दुकानात अभ्रकाची पूड भेटली, बारक्या बारक्या डब्यांत — मोरपंखी, चांदी, तांबडी, मेंदीच्या पानासारखी हिरवी. दुकानवाल्या मॅडमनं माझ्या मनगटावर चोळून दाखवली. पेन चांगले जमले तर काउंटरवर ठेवीन म्हणाल्या. गाडीवर परत येताना साद सारखं विचारत होता, डबे सांभाळले ना?

मनगट धुतलं नाही अजून.

२७ ऑगस्ट

जमलं! रेझिनमध्ये घट्ट करायचं हार्डनर ढवळून लगेच ओतलं की दोन रंग एकमेकांत घुसतात अन् चिखल होतो. थांबायचं. वाटी कोमट लागली, आतलं मधासारखं जड झालं, की मग ओतायचं. साचा म्हणून वायरिंगची प्लास्टिक पट्टी चालते. झाडूची काडी एकदाच फिरवायची, दुसऱ्यांदा हात लावायचा नाही.

मोरपंखीत चांदीची धार उतरली. सादनं कातून, घासून, पॉलिश करून पेन हातात दिला. अम्मी जैबुनबी कधी कशाले चांगलं म्हणत नाही. तिनं पेन पदराले पुसला अन् स्वतःच्या उशाशी ठेवून घेतला.

१२ सप्टेंबर

तांड्यावरचे धरमसिंगकाका आले होते. सासऱ्यांचे जुने दोस्त. यंदा कपाशीची पऱ्हाटी माणसाच्या डोक्यावर गेली, किडीच्या औषधाच्या फवारणीले माणूस भेटत नाही. साद जातो म्हणाला. थोडे दिवस, रेझिनच्या बाटल्या येतील एवढेच पैसे. अम्मी नको म्हणत होती. तो म्हणे, तोंडाले रुमाल बांधीन.

१५ सप्टेंबर

सादले यवतमाळले मोठ्या दवाखान्यात नेलं. काल फवारून घरी आला तेव्हा घामानं निथळत होता, तोंडातून लाळ. काका स्वतः गाडीत घालून घेऊन गेले. मले वॉर्डात येऊ दिलं नाही.

१८ सप्टेंबर

आज आत सोडलं. वॉर्डभर फवारणीवालेच आहेत. हात पलंगाले फडक्यानं बांधलेले — विषावरच्या औषधानं भ्रम होतो, सुया उपटतात म्हणून. सादचेही बांधलेले. मले पाहून म्हणाला, हार्डनर कमी पडला, कांडी सुकून नाही राह्यली. तेच तेच बोलत होता. मी पाय दाबत बसली.

धरमसिंगकाका बाहेर बाकावर होते. त्यांनी माझ्याकडं पाह्यलं नाही. शिव्या द्यायच्या ठरवून आली होती. त्यांच्या अंगावर तेच तीन दिवसांचे कपडे होते.

३ ऑक्टोबर

घरी आणलं. आंगण ओळखलं, अम्मीले ओळखलं. उजेडाले डोळे मिटून घेतो. डॉक्टर म्हणाले, विष डोळ्यांवरही उतरलं. हा नजर साफ आहे म्हणतो.

११ ऑक्टोबर

मी एक कांडी ओतली होती, पूर्ण हिरवी, मेंदीच्या पानाची. आज साच्यातून काढून त्याच्या हातात दिली. खिडकीपाशी नेऊन त्यानं फिरवून फिरवून पाह्यली.

"हा लाल मस्त जमला तुले."

मी हाव, जमला म्हटलं. चुलीपाशी जाऊन बसली. अम्मीनं विचारलं, काहून रडतं? धूर सांगितला.

१५ ऑक्टोबर

सादच्या हातून कातायची पटाशी सटकली. अंगठ्याले चाटून गेली, रक्त खूप, पण हाड वाचलं. फिरत्या कांडीची कड त्याले दिसतच नाही! तो म्हणे पटाशीची धार गेली होती. धार मी पाह्यली. चांगली आहे.

तो झोपल्यावर खरादीच्या मोटरचा पट्टा काढला अन् ज्वारीच्या कोठीत दाबला.

१६ ऑक्टोबर

पट्टा शोधला त्यानं. मग मलेच विचारलं. मी खरं सांगितलं.

"तुम्ही हिरव्याले लाल म्हटलं त्या दिवशी."

तो भिंतीले टेकला. मग म्हणाला, "अम्मीले सांगू नको."

"नाही सांगत. डॉक्टर म्हणतात, धीर धरा, सुधारेल."

"सुधरेपर्यंत मी काय करू, शबाना? बसून खाऊ?"

मी म्हटलं, हो, बसा. बोटं गेली तर कुठून आणू? तो उठून बाहेर गेला. जेवाले आला नाही.

२२ ऑक्टोबर

साद विचारलं तेवढं उत्तर देतो. दिवसभर ओट्यावर. येणारे-जाणारे तब्येत विचारतात, तर हसून मस्त म्हणतो.

२ नोव्हेंबर

आज पट्टा चढवला अन् खरादीवर मी बसली.  साद बाजूले येऊन बसला — मी बोलावलं नव्हतं. आवाज ऐकूनच सांगायचा, दाबू नको, आता हलका घे, आता सोड. पेन एका बाजूनं जाड झाला. त्यानं बोटं फिरवून पाह्यलं अन् म्हणाला, माझा पहिला याच्याहून वाईट होता.

खूप दिवसांनी पोटभर जेवला. मले वाटलं, आता निभेल. तो दाखवील, मी कातीन.

५ नोव्हेंबर

दोन पेन बरे निघाले. पुढच्या आठवड्यात यवतमाळले नेऊ म्हटलं. तू नेऊन ये म्हणाला. म्हणे, मी काय तुह्या मागं हात धरून फिरू?

८ नोव्हेंबर

सकाळी साद अंथरुणात नव्हता. वाटलं, मशिदीत गेला असेल. आता धरमसिंगकाकांचा फोन आला. ते रडत होते.

"पोरी, फवाराले आला, म्या त्याले हाकलला. तर शेजारच्याच्या वावरात पंप घेऊन उतरला. म्हणे, या कामाले कुठं नजर पाहिजे?"

अम्मीले काही सांगितलं नाही. मी चालली त्याले आणाले.