अर्धं कासव

प्रिय बायो,

रविवारी तू पोरीला न्यायला आलीस तेव्हा आम्ही दोघी सामानाच्या खोलीत, नाताळच्या नाटकातल्या कापसाच्या मेंढ्यांच्या ढिगाऱ्यामागे बसलो होतो आणि मी तुला म्हटलं, लपाछपी चाललीय. तू हसलीस. हॉस्पिटलमधून थेट आली होतीस, नर्सच्या ड्रेसवरच, डोळे झोपेने जड. म्हणून मी गप्प बसले. लपलो होतो हे खरं, पण तो खेळ नव्हता. सगळं सांगते, फक्त मला माझ्या पद्धतीने सांगू दे. तुझा नवरा म्हणतो ना, ताईला कुणी पाणी मागितलं तर ती विहीर खणण्यापासून सुरुवात करते. 'तुझा नवरा' लिहिताना पेन अडखळलं बघ. 'माझा भाऊ' लिहून पाहिलं, तेही जमेना. शब्द दोन्ही खरेच.

तू लग्न होऊन आलीस तोवर आपल्या चर्चची मंडळी बऱ्यापैकी वाढली होती, त्यामुळे सुरुवातीची रविवारची शाळा तू पाहिलेली नाहीस. उपासनेच्या हॉलमागे जे स्वयंपाकघर होतं, तिथे चहाची पातेली बाजूला सारून मी सतरंजी टाकायचे. मूठभर मुलं. त्यातली दोन तर गोष्ट संपायच्या आत माझ्या मांडीवर झोपलेली असायची. पाळकसाहेब दारातून डोकावून म्हणायचे, बाई, आवाज जरा कमी, प्रवचन चाललंय. मग हळूहळू त्यांच्या लक्षात आलं की मुलं रमली की आईबाप पुढच्या रविवारी परत येतात. तेव्हापासून आमचा आवाज कुणाला जास्त वाटेनासा झाला. रंग आला, छोट्या खुर्च्या आल्या, दोन उपासना झाल्या, गाड्या लावायला फाटकावर एक काका आले. बाहेरगावचे पाळक वर्ग बघायला यायचे. साहेब त्यांना आमची खोली अशी दाखवायचे, जशी नवी सून दाखवतात. हे तूच एकदा म्हणाली होतीस, आणि तुला त्याचा अनुभव ताजा होता.

मुलं वाढली तसा गोंधळही वाढला. छापखानेवाल्यांचे आजोबा एकदा चष्मा विसरून आले आणि आपल्या नातवाऐवजी तसाच निळा स्वेटर घातलेलं भलतंच पोर घेऊन गेले. ते पोरही बिस्किटाच्या आशेने खुशाल त्यांचं बोट धरून चालू लागलं. खरा नातू फाटकाशी भोकाड पसरून उभा. पोर सापडलं, सगळी मंडळी पोट धरून हसली. मला मात्र दोन दिवस जेवण गोड लागलं नाही. तेव्हा बिल्ले सुरू केले. एका जाड पुठ्ठ्यावर एक प्राणी काढायचा आणि तो मधून नागमोडी कापायचा. सकाळी मुलाच्या सदऱ्यावर पुढचा अर्धा, आणणाऱ्याच्या हातात मागचा अर्धा. जाताना दोन्ही जुळले तरच मूल दाराबाहेर. प्रत्येक काप वेगळा, त्यामुळे एका हत्तीचं ढुंगण दुसऱ्या हत्तीला बसत नाही. 'ढुंगण' म्हटल्यावर पोरं किती हसायची! नियम मी कधी शिकवलाच नाही, त्या हसण्यातूनच तो सगळ्यांना पाठ झाला.

ते बिल्ले कापून कुणी दिले? त्यानेच, तुझ्या पोरीच्या बापाने. सुताराचा हात आहे, रेघ हलत नाही त्याची. जुळलेले बिल्ले पुढच्या रविवारपर्यंत टांगून ठेवायची आकड्यांची फळीही त्यानेच ठोकली, खिडकीखाली, मुलांच्या हाताला येईल अशी. मंडळीत त्याचं नाव झालं ते काही उगीच नाही. खुर्ची मोडली की तो, पंखा कुरकुरला की तो, आणि नंतर पाळकसाहेबांनी त्याला बापांचा वर्ग दिला. 'घर कसं सांभाळावं' यावर तो इतकं छान बोलायचा की बायका आपापल्या नवऱ्यांना कोपराने ढोसायच्या. मागच्या रांगेत बसून मीसुद्धा मान डोलावलीय. तुझ्या पोरीने कासव मागितलं तर रात्रभर घासून पुठ्ठा गुळगुळीत करून त्याने कासव कापलं. डोक्याचा भाग तिचा, शेपटीचा तुमचा. इतका सुंदर काप मी दुसरा पाहिला नाही.

त्या कुटुंब-रविवारची तुला आठवण असेलच. बाप स्टेजवर येतात, मुलाच्या डोक्यावर हात ठेवतात आणि आशीर्वाद देतात. त्याने हात उचलला आणि आपल्या पोरीने खाडकन मान खाली घातली, कोपर कानावर. सगळा हॉल हसला. कुणीतरी म्हणालं, अगंबाई, किती लाजाळू! तोही हसला. तू माझ्या शेजारी बसली होतीस, तूही हसलीस, पण पदर तोंडाशी घट्ट धरून. मी हसले नाही. कारण ती मान माझ्या ओळखीची आहे. हनुवटी छातीत, डोळे मिटलेले नाहीत, जमिनीवर. समोरच्याचे पाय कुठे सरकतात ते बघावं लागतं ना. आमच्या घरात ही विद्या आम्ही दोघं भावंडं एकत्रच शिकलो. तो लहान, म्हणून माझ्या मागे उभा राहायचा, माझा फ्रॉक मुठीत धरून. बाबांचा राग ओसरला की आई आम्हाला जवळ घ्यायची आणि म्हणायची, हात जड आहे रे त्यांचा, मन नाही. तू घर सोडलंस त्या दिवशी आईने मला फोनवर हेच वाक्य ऐकवलं. फक्त 'त्यांचा'च्या जागी 'त्याचा' होतं.

त्या स्टेजवरचा दुसऱ्या क्षणाचा फोटो, म्हणजे तिची मान वर आल्यानंतरचा, मोठा करून हॉलच्या दारात लावलाय. खाली लिहिलंय : सुखी कुटुंब, वाढती मंडळी. तू त्याचं घर सोडून इतके महिने झाले तरी तो कुणी उतरवला नाही. चांगला आलाय म्हणे.

आता रविवारचं. गाणं चालू होतं, हत्तीसारखे पाय आपटायचं, म्हणून मला दारावरची टकटक ऐकूच आली नाही. वळून बघते तर तो आत उभा, इस्त्रीचा सदरा, शेजारी पाळकबाई. आमची कॉलेजातली मदतनीस गुडघ्यांवर बसून पोरीला बूट घालत होती. तो म्हणाला, ताई, नेतो गं हिला, दोन दिवसांत आणून सोडतो. मी म्हटलं, बिल्ला? तो हसला. अगं, बिल्ला मीच कापलाय. मी म्हटलं, तुला तर मग नियम चांगलाच माहीत असेल. पाळकबाई मध्ये पडल्या, अहो, बाप आहे तो तिचा, असं काय परक्यासारखं? मी म्हटलं, बाई, तुमच्या नातीला न्यायला तुम्ही आलात तरी मी तुमच्याकडे सशाचं शेपूट मागते, आणि तुम्ही पर्समधून काढून देता. त्यावर त्यांचे ओठ असे मिटले की हे मला महागात पडणार हे तिथेच कळलं.

त्याने मग माझ्याशी बोलणंच सोडलं आणि खाली वाकून पोरीला म्हणाला, चल सोन्या, नवं दप्तर आणलंय. तिने काय करावं? आपल्या फ्रॉकवरचं कासव काढलं, त्याच्यासमोर धरलं आणि विचारलं, तुझा अर्धा कुठंय? रडत नव्हती, घाबरली होती असंही नाही. आपण दर रविवारी विचारतो तसं विचारलं. सगळा वर्ग बघत होता. एका पोराने तर आनंदाने ओरडून सांगितलं, शेपटी नाही, शेपटी नाही! त्याचा चेहरा बदलला, बायो. तो चेहरा मी बाबांचा पाहिलाय आणि तूही त्याचा पाहिलायस. त्याचा हात उठला नाही, उठला असं मी खोटं लिहिणार नाही. पण पोरीने कोपर कानावर नेलं. मी मध्ये उभी राहिले. इतक्या वर्षांनी पुन्हा कुणीतरी माझ्या मागे माझे कपडे मुठीत धरून उभं होतं, आणि समोर तो होता. मी त्याला म्हटलं, तू जा. मी तुझी ताई म्हणून सांगतेय, जा. तो गेला, पण तो पाळकसाहेबांना घेऊन परत येईल या भीतीने मी वर्ग मदतनिसांवर सोपवला आणि तुझी वाट बघत मेंढ्यांत जाऊन बसले. पोरीने मला हळूच विचारलं, आत्या, मी जिंकले का? मी म्हटलं, हो.

नंतर फाटकावरच्या काकांनी मला बाजूला घेतलं. त्याची गाडी त्यांनीच लावून दिली होती. म्हणाले, मॅडम, मागच्या सीटवर दप्तर होतं आणि शाळेचा गणवेशही होता, हिरवा. आपल्या पोरीच्या शाळेचा गणवेश निळा आहे. या गावात हिरव्या गणवेशाची शाळाच नाही. दोन दिवसांसाठी कुणी गणवेश शिवत नाही, एवढं मला कळतं.

मंगळवारी कमिटीने बोलावलं. मला वाटलं, विचारतील काय झालं. कुणी विचारलंच नाही. पाळकसाहेबांनी चहा मागवला, माझ्या सेवेची स्तुती केली, आणि मग म्हणाले, बाई, तुम्ही थकलात, थोडी विश्रांती घ्या. मी म्हटलं, साहेब, मी अजिबात थकलेली नाही. ते म्हणाले, थकलेल्या माणसाला ते कळत नसतं. छापखानेवाले, ज्यांच्या पोराच्या घोळातून हे बिल्ले निघाले तेच, म्हणाले की बिल्ला अनोळखी माणसांसाठी ठीक आहे, घरच्यांना कशाला? मी त्यांना म्हटलं की अनोळखी माणूस पोराला न्यायला येतच नाही, जो येतो तो ओळखीचाच असतो. तर म्हणाले, घरचं भांडण मंडळीत आणू नका. एकानेही त्याला विचारलं नाही की तू का आणलंस. ठरलं ते असं : मंडळीच्या सभासद बापाला यापुढे बिल्ला लागणार नाही, मदतनिसाने चेहरा ओळखला की पुरे. वर्ग त्या कॉलेजच्या मुलीकडे दिला. चांगली पोर आहे, पण कुणी मोठ्याने बोललं की तिचे हात आपोआप पोरांना बूट घालू लागतात. पुढच्या रविवारी मला स्टेजवर बोलावून फुलं देणार आहेत. त्यांना सांगितलं, फुलं त्या फोटोखाली ठेवा.

आईने फोन केला. म्हणाली, सख्ख्या भावाचं घर मोडलंस, देवाच्या दारात मोडलंस. मी विचारलं, आई, तुला ती मान दिसली नाही का गं? ती म्हणाली, तुम्ही नाही का मोठे झालात? आणि फोन ठेवला. झालो ना मोठे. एक पोरांच्या खोलीबाहेर पहारा देणारी आणि एक ज्याच्यामुळे पहारा ठेवावा लागतो तो. देवावर माझा अजून विश्वास आहे, पण उपासनेला बसले की डोळे मिटवत नाहीत. मीही जमिनीकडे बघत बसते.

आता हे पत्र कशासाठी, ते. येत्या रविवारी पोरीला आणू नकोस. तुझी ड्यूटी असेल तर माझ्या घरी सोड. दारावर मी नसेन आणि त्याला कुणी अडवणार नाही. पण एवढंच असतं तर फोनवर सांगितलं असतं. पोरीच्या ताब्यासाठी कोर्टात दाखवायला पाळकसाहेब त्याला चांगल्या वागणुकीचं पत्र देणार आहेत, शिक्क्यासह, हे मला मंगळवारीच कळलं. माझ्याकडे शिक्का नाही. म्हणून मी हे हाताने, सगळं क्रमाने, त्याला लहानपणापासून ओळखणारी त्याची सख्खी बहीण म्हणून लिहिलंय. तुझ्या वकीलबाईंना दे. स्टेजवरची मान, तो हिरवा गणवेश, फाटकावरचे काका, सगळं यात आहे, आणि बोलावतील तेव्हा मी उभी राहीन. तो समोर बसलेला असेल, आईही असेल, ते माझं मी बघेन. वर्गाची किल्ली परत करताना फळीवरून एकच गोष्ट न विचारता उचलली, ती पाकिटात आहे. कासवाचे दोन्ही अर्धे. डोकं तिच्या फ्रॉकला लाव, शेपूट तुझ्याकडे ठेव, आणि तिच्या शाळेतल्या बाईंना एकदा जुळवून दाखव. काही विचारलं तर पोर सांगेल, तिला नियम पाठ आहे.

तुझीच, आणि आता फक्त तुमच्या दोघींचीच,
ताई