पाचवी पट्टी

सोमवार, ४ ऑगस्ट २०२५

झाली एकदाची ॲडमिशन! मुलुंडच्या कॉलेजात ‘नाट्य आणि रंगमंच तंत्र’, एक वर्षाचा डिप्लोमा, दुपारी तीन ते सात. साकीनाक्याला झिपच्या कारखान्यात दोन वर्षं पॅकिंग केलं, ते आज डोक्यातून पुसून टाकलं. सकाळी असल्फ्याच्या आमच्या खोलीच्या दारात आई उभी राहिली आणि म्हणाली, नाटकान पोट भरतला काय गो? मी म्हटलं, पॅकिंगने तरी कुठे भरलं. मग तिने डब्यात दोन घावणे जास्त घातले.

सभागृह छोटं आहे, दोनशे खुर्च्या, त्यातल्या वीस मोडक्या. पण स्टेज खरं, लाकडाचं. मी चपला काढून चढले तर दोघं-तिघं हसले. हसेनात का! सुबोध सर शिकवतात. कडक इस्त्रीचा कुर्ता, आणि आवाज इतका हळू की सगळ्यांनी पुढे वाकून ऐकायचं. मुद्दाम करतात, मला पहिल्याच दिवशी कळलं. सेटचं सामान सांभाळायला सहदेवकाका आहेत, त्यांना वीस वर्षं झाली इथे. ते पोरांना नावापेक्षा शिव्यांनीच जास्त ओळखतात.

आज मला बरं वाटतंय यार. तेविसाव्या वर्षी पहिल्यांदा वाटतंय की मी माझ्या जागी आले.

शुक्रवार, ८ ऑगस्ट

आज ब्लॅकआउट शिकलो. स्टेजवरचे सगळे दिवे एकदम जातात, आणि दहा आकडे मोजायच्या आत नटाने पुढच्या प्रवेशाच्या जागी जाऊन उभं राहायचं. अंधारात जागा सापडणार कशी? तर लाकडावर बोटभर रुंदीची रेडियमची पट्टी चिकटवतात. दिव्याखाली ती उजेड पिते आणि अंधारात हिरवी दिसते. पट्टीवर टाच टेकवली की आपण बरोबर जागी.

इथला एक नियम आहे. रोज तालमीआधी ज्याने-त्याने आपली पट्टी आपल्याच हाताने लावायची. दुसऱ्याच्या पट्टीला बोटसुद्धा लावायचं नाही. सहदेवकाका म्हणाले, लावलंस तर हात कापून ठेवीन. सर म्हणाले, अंधारात नट फक्त स्वतःवर भरवसा ठेवतो, म्हणून हे. मला आवडलं. वहीत दोनदा लिहून घेतलं.

गुरुवार, २१ ऑगस्ट

वाट लागली. स्पर्धेच्या एकांकिकेचं वाटप झालं. रिडेव्हलपमेंटला गेलेल्या बिल्डिंगच्या गच्चीवर शेवटच्या दिवशी अडकलेले पाच जण, अशी गोष्ट आहे. त्यातली सुमती म्हणजे सगळं नाटकच. माझी ऑडिशन झाली तेव्हा वर्गात चिडीचूप झालं होतं, मी ऐकलंय ते. आणि सुमती मिळाली अक्षताला.

अक्षता मुलुंड पूर्वेची. स्वतःची वेगळी खोली असलेली, दोन मालिकांत बहिणीची कामं केलेली. दिसायला देखणी, बोलायला गोड. मला बॅकस्टेज. शिवाय अक्षता शूटिंगला गेली की तालमीत तिच्या जागी उभं राहून तिची वाक्यं म्हणायची, म्हणजे प्रॉक्सी. सर म्हणाले, हेमांगी, तुला सगळं पाठ आहेच ना. डोंबल माझं. घरी आईला सांगितलं की मोठं काम मिळालं.

गुरुवार, ११ सप्टेंबर

गणपतीनंतर तालमी जोरात सुरू. सेट उभा राहिला. मागच्या बाजूला पाच फूट उंच लाकडी लेव्हल, ती गच्ची. सुमतीची पट्टी त्या लेव्हलवर, मागच्या कडेपासून हातभर अलीकडे. दुसऱ्या प्रवेशात दिवा लागतो, सुमती दचकते आणि एक पाऊल मागे टाकते. हातभर लाकूड शिल्लक असतं, म्हणून निभतं. खाली सेटला आधार द्यायला लोखंडी वजनं ठेवली आहेत.

आज अक्षता नव्हती, मी केलं. ते एक पाऊल मी असं टाकलं की सहदेवकाकासुद्धा म्हणाले, आयला! सरांनी डोळे मिटून मान हलवली. तेवढ्यात अक्षता आली आणि सर मला म्हणाले, उतर. एवढंच. बस स्टॉपवरच्या माणसाला सरकायला सांगतात तसं.

नंतर तिने मला एक पिशवी दिली. तिचे जुने कुर्ते. म्हणाली, तुला होतील गं, टाकवत नव्हते. मी थँक्यू म्हटलं. घरी येऊन एक कुर्ता फाडला आणि शेगडी पुसायला घेतला. तिने माझा अपमान केला असता तर परवडलं असतं. तिला तेही सुचत नाही, इतकी चांगली आहे ती. मला तिचा वीट आलाय.

गुरुवार, १८ सप्टेंबर

अक्षता पडली. लेव्हलवरून मागे, वजनांवर. दिवा लागला, तिने पाऊल मागे टाकलं आणि ती नव्हतीच तिथे. आवाज फार छोटा झाला. ती ओरडली नाही. पाय हलत नाहीत एवढंच म्हणत राहिली, शांतपणे, पाय हलत नाहीत हं माझे.

सगळे म्हणतायत, तिनेच पट्टी चुकीची लावली. मीही तेच म्हटलं.

शुक्रवार, १९ सप्टेंबर

ही वही कोणी वाचत नाही. लिहून टाकते.

काल अक्षता पट्टी लावून चहा प्यायला गेली होती. स्टेजवर कोणी नव्हतं. मी पट्टी उचलली आणि कडेकडे एक वीत सरकवून लावली. एकच वीत. ती तोल जाऊन धडपडेल, सगळे हसतील, सर वैतागतील, एवढंच मला हवं होतं. देवाशपथ एवढंच. पण वर चढल्यावर खालची वजनं मला दिसत होती, हेही खरं. पट्टी लावून झाल्यावर मी अंगठ्याने नीट दाबली, सुटू नये म्हणून.

कोणालाही संशय नाही. येणारच नाही. दुसऱ्याच्या पट्टीला इथे कोणी हात लावत नाही ना!

मंगळवार, २३ सप्टेंबर

सुमती मला मिळाली. स्पर्धा १२ ऑक्टोबरला घाटकोपरला. सरांनी सगळ्यांसमोर सांगितलं, नाटक थांबत नाही. टाळ्यासुद्धा वाजल्या. आई साखर वाटून आली चाळीत. मी रडले, सगळ्यांना वाटलं अक्षतासाठी. थोडी तिच्यासाठीही होतेच की.

सोमवार, २९ सप्टेंबर

हॉस्पिटलमध्ये जाऊन आले. जावं लागलं, सगळे गेले होते. कमरेखाली काही नाही, आता कधी नाही, असं डॉक्टर म्हणाले. तिची आई बाहेर गेल्यावर अक्षताने माझा हात धरला आणि विचारलं, हेमांगी, तू मागे उभी होतीस, खरं सांग, पट्टी मी नीट लावली होती ना गं?

मी म्हटलं, नाही गं. कडेला लागली होती तुझ्याकडून.

ती रडायला लागली. सॉरी म्हणाली. माझ्यामुळे तुम्हा सगळ्यांची तालीम वाया गेली, असं म्हणाली! मी तिचे डोळे पुसले. मग ती म्हणाली, डोळे मिटले की मी अजून तिथेच असते. लेव्हलवर, अंधारात, पट्टीवर टाच टेकवून. दिवा यायची वाट बघत. किती छान वाटतं माहितेय, तिथे माझे पाय असतात.

परत येताना रिक्षातून उतरून मी ओकले.

शुक्रवार, ३ ऑक्टोबर

आज पूर्ण ब्लॅकआउटसकट तालीम. मी विंगेत, म्हणजे स्टेजच्या बाजूच्या पडद्याआड. दिवे गेले. खाली चौघांच्या चार हिरव्या पट्ट्या. वर लेव्हलवर माझी पाचवी दिसायला हवी होती. दिसली नाही.

अंदाजाने चढले, अंदाजाने उभी राहिले. दिवा लागला तर पट्टी माझ्या टाचेखालीच, धड, स्वच्छ. सहदेवकाका म्हणाले, तिला उजेड कमी पडला असेल, आधी बॅटरी मारत जा. तसंच असेल.

पण लाकूड गार होतं आणि माझ्या टाचेखाली तेवढीच जागा कोमट होती. बसून उठलेल्या खुर्चीसारखी.

मंगळवार, ७ ऑक्टोबर

दहा मिनिटं बॅटरी मारली. ब्लॅकआउट. पाचही दिसल्या. हायसं वाटलं. मी पाऊल उचललं आणि माझ्या पट्टीचा डावा अर्धा भाग गेला. मग उजवा. आधी एक टाच, मग दुसरी.

पट्टी विझताना अशी जात नाही. कोणीतरी तिच्यावर उभं राहिलं की अशी जाते.

मी चढलेच नाही. सर पहिल्यांदा मोठ्याने बोलले.

शुक्रवार, १० ऑक्टोबर

मोजून लावली होती. कडेपासून हातभर. तीनदा मोजली. तालमीनंतर दिव्यात पाहिलं, एक वीत मागे. वर अंगठ्याचा ठसा. माझा नाही, माझा रुंद आहे, पॅकिंगने चपटा झालेला—

सहदेवकाकांना विचारलं, कोणी हात लावला? ते म्हणाले, तुझी पट्टी, तूच लावलीस, दुसरं कोण लावणार?

आज पाऊल मागे टाकलं तेव्हा अर्धी टाच हवेत होती. कशी वाचले माहीत नाही. सर खूश. म्हणाले, आता खरी भीती आली, अक्षताला ही कधीच जमली नसती. अशीच ठेव.

शनिवार, ११ ऑक्टोबर

अक्षताचा व्हॉइस मेसेज. ऑल द बेस्ट, झकास कर, माझं लक्ष तुझ्याकडेच आहे.

खरं लिहायला घेतलं. पट्टी तू नीट लावली होतीस. मी सरकवली. एवढीच दोन वाक्यं. बोट ‘पाठवा’वर होतं. हे पाठवलं तर ती तिथून उतरेल, मला आतून माहीत आहे. तिला फक्त तेवढंच हवंय. पण मग उद्याची सुमती कोण? आणि मी कोण? झिपच्या कारखान्यातली—

पुसलं. थँक्यू डिअर लिहिलं. बदाम पाठवला.

रविवार, १२ ऑक्टोबर. घाटकोपर, विंगेत

पहिला प्रवेश चालू आहे. त्यानंतर ब्लॅकआउट, मग मी. सात-आठ मिनिटं. विंगेतल्या निळ्या दिव्याखाली लिहितेय.

नाटक सुरू व्हायच्या आधी अंधार झाला तेव्हा पाहिलं. चार. वर काही नाही. ती आली आहे.

सरांना सांगितलं, मी जाणार नाही. तिथे कोणीतरी आहे. सर माझ्या कानाशी वाकले. म्हणाले, त्या दिवशी मी वर लाइट रूममध्ये होतो. तू गुडघ्यावर बसून अंगठ्याने पट्टी दाबलीस, तेही पाहिलं. नाटकाला तू जास्त बरी होतीस म्हणून बोललो नाही. वर गेलीस तर यापुढेही बोलणार नाही.

आणि हसले. माझ्या पदराची निरी नीट केली त्यांनी.

आई तिसऱ्या रांगेत बसली आहे. नवी साडी—

नाही गेले तर सर सांगतील. आई ऐकेल. गेले आणि पडले तर सगळे म्हणतील, स्वतःच चुकीची लावली. आईसुद्धा तेच म्हणेल. आता मेसेज करावा का तिला. फोन रंगपटात ठेवलाय. वेळ आहे अजून, पळत गेले तर—

टाळ्या. प्रवेश संपला. सरांनी दंड धरलाय.

अंधार. निळा दिवापण गेला. न बघता लिहितेय

एक दोन तीन चार

वर— हललं. उजवी टाच उचलली. डावी. बाजूला झाली ती. मला जागा करून देतेय

पाचवी दिसली. माझी पट्टी. दिसतेय स्वच्छ. पण कडेच्या पलीकडे. तिथे तर लाकूड