उभ्या ज्वारीतले ससे

माघ शु. ८, सोमवार

उद्यापासून ज्वारी काढायची ठरली होती. सगळ्या शिवाराची काढून झाली, एक आमचंच नाल्याकाठचं रान मागं राहिलं. ओल धरून ठेवतं ना. कणसं अशी भरलीत की बघत राहावं. अन् आज चावडीवरून सांगावा. हैदराबादेहून मोठे साहेब दौऱ्यावर येणार हायेत, मुक्काम आमराईत, घरटी एक माणूस वेठीला. वेठ बंद झाल्याचं फर्मान निघालंय म्हणतेत. आमच्या गावापर्यंत पोचलं न्हाई वाटतं.

आमच्या घरातून हे. का, तर सशाचं कालवण ह्यांच्यासारखं कुणाला जमत न्हाई. मसाला मी वाटते, नाव ह्यांचं. असो.

म्हटलं, "अन् ज्वारी?" तर म्हणाले, "चार दिस थांबती की." ज्वारी थांबंल हो, पाखरं थांबतेत का?

शु. ९, मंगळवार

हे आमराईत. सरपण फोडलं, पाणी वाहिलं, तंबूचे खुंटे ठोकले. साहेब यायचेत शुक्रवारी. मग आत्तापासून माणसं कशाला धरून ठेवली? पण पाटलाला विचारायची कुणाची छाती हाय.

मी दिवसभर पाखरं हाकायला गोफण घेऊन रानातल्या माळ्यावर. खांदा उचलंना झालाय.

शु. १०, बुधवार

पाटलाचा नवा हुकूम. ससे जिते पाहिजेत. साहेब मुसलमान, हलाल केल्याबिगर खाणार न्हाईत, कुत्र्यानं तोंड लावलेला चालत न्हाई. ठीक हाय, ज्याचा त्याचा धरम. पण जिता धरायचा म्हणजे जाळी लावा, हाकारा करा. सगळा गाव जुंपला.

ह्यांनी सांगून बघितलं म्हणं. "पाटील, तितर करू, लावऱ्या करू. फाशात जित्या गावतेत, दोन माणसांचं काम." तर पाटील म्हणाला, "एवढ्या मोठ्या माणसाला चिमण्या चारतो काय रे?"

अन् ससे हायेत कुठं? सगळी रानं मोकळी. दडायला जागा उरली ती एकच. म्हटलं, "आपल्याच ज्वारीत हाकारा घालतील बघा."

"एवढं करत न्हाईत गं."

शु. ११, गुरुवार. एकादशी

केलं. एवढंच केलं.

नाल्याच्या अंगाला वाघूर लावली, ते लांबच लांब सुतळीचं जाळं. अन् वरल्या बांधाला सगळा गाव ओळीनं उभा केला, हलग्या, डबे, काठ्या घेऊन, अन् घातला आत. उभ्या ज्वारीत! मी बांधावरून ओरडले, शिव्या दिल्या, कुणाकुणाचा बाप काढला. हलगीपुढं कोण ऐकतंय. पाटील एकादशीच्या उपासाचा, लिंबाखाली बसून शेंगा फोडून राहिला अन् वरून आरडतोय, "धरा, धरा! मारू नका रे!" सशाला मारू नका. ज्वारीला मारा.

अर्ध्याच्या वर आडवी झाली. कणसं मातीत, कडब्याचा चुरा. वर्षाची भाकर हाय ती आमची. जनावरांचं पण...

हे कुठं होते? जाळ्यापाशी. आपल्याच रानात, दुसऱ्यासाठी ससे धरत.

संध्याकाळी भाकरी आदळली पुढ्यात.

शु. १२, शुक्रवार

लिहिते. न्हाईतर डोकं फुटंल.

साहेब आले. हे आत्ता घरी येऊन तुकड्या-तुकड्यानं सांगत बसले. मसाला तयार, चूल पेटलेली. पाटलानं लई तोऱ्यात डालगं उघडून ससे दाखवले. साहेब बघतच राहिले. म्हणाले, "पाटील, हमारे में खरगोश नहीं खाते." मुसलमानांत बऱ्याच जणांना चालतो, साहेबांच्या पंथात न्हाई.

अरे देवा! गाव पळवला, रान तुडवलं, अन् खाणाऱ्याला कुणी विचारलंच न्हाई? त्यांचा बावर्ची आधीच आलेला, त्याला तरी विचारायचं! साहेब म्हणे वांगी असली तर करा. वांगी! माझ्या परसात हायेत की, मागितली असती तर टोपलीभर दिली असती.

साहेबाला कशाला बोलू. त्यांनी मागितलंच न्हवतं. उलट येताना त्यांना तुडवलेलं रान दिसलं, अन् त्यांनीच विचारलं, "वो खेत किसका है?"

हे समोर उभे. पाटलानं डोळे वटारले. अन् हे म्हणाले, "पाटलांचंच हाय, साहेब."

"असं कसं म्हणालात?" तर म्हणे तोंडातून निघून गेलं. तोंडातून निघून गेलं! एक शब्द बोलायचा होता, 'माझं'. लाज वाटली मला ह्या माणसाची. लिहिते हे, वाटलीच.

शु. १३, शनिवार

साहेब गेले देवणीकडं. जाताना दोन गोष्टी सांगून गेले. एक, तुडवलेल्या रानाचा यंदाचा शेतसारा माफ. कुणाला? रानाच्या मालकाला. मालक कोण? पाटील! अन् त्या मेल्यानं हात जोडून घेतलं ते. जराबी लाजला न्हाई.

दुसरी, ससे सोडून द्या. सोडले. आमच्याच बांधावर, साहेबांच्या देखत. सगळेच्या सगळे उरल्या ज्वारीत घुसले. ज्वारी गेली ती गेली, कालवणबी गेलं, अन् खाणारे परत घरात! मला हसू आलं, मग रडूच फुटलं.

ह्यांना सारामाफीचं सांगितलं. मान खाली घालून ऐकलं. जेवले न्हाईत. मीबी आग्रह केला न्हाई.

शु. १४, रविवार

उरलेली काढायला लागलो, दोघंच. दुपारी बघते तर ह्यांनी नाल्याच्या तोंडाला जाळं बांधलेलं. म्हणाले, "तू वरून ये, ओरडत." ओरडायला मला शिकवावं लागत न्हाई. एकच गावला, पण दांडगा.

गोठ्यापुढं तीन दगड मांडले. घरातल्या चुलीवर चालत न्हाई, मडकंबी बाहेरचं. हळद-मीठ चोळून ठेवला, त्यानं उग्र वास जातो. मी कांदा-खोबरं विस्तवात भाजून वाटलं, तीळ, रस्सा दाट व्हायला येसूर. ह्यांनी करडईच्या तेलात परतलं. वास पार चावडीपर्यंत गेला असंल, कारण पाटलाचा माणूस वाटी घेऊन दारात.

गावात कुणी शिकार केली की मागची तंगडी पाटलाच्या घरी. मान हाय तो, कधीपासूनचा कुणास ठाऊक. मी सवयीनं पळी उचलली.

हे चुलीपुढून उठले न्हाईत. रस्सा हलवत म्हणाले, "आज मान न्हाई. सांग पाटलाला, रान माझं हाय, ससाबी माझाच."

त्यानं दोनदा विचारलं, "असंच सांगू?"

"असंच सांग."

आवाज चढला न्हाई ह्यांचा. माणूस रिकामी वाटी घेऊन गेला.

जेवायला बसलो. मागची तंगडी ह्यांनी माझ्या ताटात वाढली. लग्न होऊन आल्यापासून ह्या घरात मी ती कधी खाल्ली न्हवती.

खाल्ली. चावडीकडून अजून कुणी आलं न्हाई.