काशाची वाटी आणि भूषणचे डोळे

इंद्रवेल्ली,
बाजारच्या दुसऱ्या दिवशी

तीर्थरूप सोजरआत्याबाईंच्या पायांवर दामिनीचं डोकं.

तुमचे गुडघे कसे आहेत? मामाजींचा खोकला थंडी लागली की वाढतो, तेव्हा त्यांना पहाटे अंगणात बसू देऊ नका. आमच्याकडे सर्व खुशाल आहे. (हे वाक्य पत्रात लिहावंच लागतं म्हणून लिहिलं. खरी खुशाली पुढे आहे.) आता फोन असताना ही पोरगी पत्र का लिहीत बसली, असं तुम्हाला वाटेल. आत्याबाई, आमचे बाबा स्पीकरवर टाकल्याशिवाय फोनवर बोलत नाहीत, आणि आई, भूषण व शेजारचे देवाजीकाका त्याभोवती शेकोटीला बसावं तसे बसतात. त्यात मनातलं काही बोलता येत नाही. म्हणून हे पत्र मंचेरियलच्या बसच्या कंडक्टरकडे देते आहे. तुमची काशाची वाटीही त्यांनीच आणली होती.

वाटीचं नंतर सांगते. आधी भूषणचं.

गेलं वर्षभर बाबा सगळ्या बाजाराला सांगत होते, की माझ्या पोराचा हात म्हणजे तराजू. भूषण वांगी हातात घेऊन, काट्याकडे न बघता, "पावनेदोन किलो" म्हणायचा आणि ते बरोबर निघायचं. गिऱ्हाइकं मुद्दाम तपासून बघायची आणि खूश होऊन अर्धा किलो जास्त न्यायची. बाबांची छाती फुगायची. मलाही कौतुक वाटायचं. (मी बी.एस्सी. आहे, हे इथे लिहायला लाज वाटते.) पोरगा काट्याकडे बघत का नाही, हे कोणी विचारलंच नाही. काट्यावरचे आकडे त्याला एकावर एक सांडलेले दिसत होते आणि आठ की तीन ते कळत नव्हतं, म्हणून बिचाऱ्यानं हाताला वजन शिकवलं होतं. चष्म्याचा नंबर सहा महिन्यांत दोनदा बदलला, तेव्हा बाबांनी चष्मेवाल्यालाच लुच्चा ठरवलं.

शेवटी मी त्याला आदिलाबादला डोळ्यांच्या शिबिरात नेलं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी यंत्रानं डोळ्याचा नकाशा काढला, तसा रंगीत, जसा शाळेत पावसाचा असतो. रोगाचं नाव केराटोकोनस. बुबुळावरचा काचेसारखा पडदा चेंडूसारखा गोल असायला हवा. भूषणचा पातळ होत होत पुढे टोक काढतो आहे, त्यामुळे उजेड नीट एकत्र येत नाही आणि एका दिव्याचे चार दिवे दिसतात. डोळे सारखे चोळल्यानं हे वाढतं, आणि लहानपणापासून त्याच्या डोळ्यांना खाज आहे, हे तुम्हाला माहीतच आहे. डॉक्टरीणबाई तेलुगूत दहा वेळा म्हणाल्या, चोळायचं नाही.

घरी येऊन मी सगळ्यांना समोर बसवलं. शिकलेल्या माणसानं घरात उजेड आणला पाहिजे, असं माझं मत आहे. एका हातात मोसंबी घेतली, एका हातात टोकदार लिंबू, आणि अर्धा तास समजावलं. सगळ्यांनी माना हलवल्या. नंतर आईनं तेच लिंबू उचललं, भूषणवरून सात वेळा उतरवलं आणि चौकात नेऊन टाकलं. मोसंबी देवाजीकाकांनी सोलून खाल्ली.

बाबांना मात्र "चोळायचं नाही" एवढं पक्कं कळलं. त्यांनी बैलाच्या गळ्यातल्या पट्ट्याचे घुंगरू सोडवून भूषणच्या दोन्ही मनगटांना बांधले. हात डोळ्याकडे गेला, की वाजायचं, आणि बाबा वाफ्यातून ओरडायचे, "डोये चोयू नको म्हनलं ना तुले!" भूषण म्हणे, "चोयून नाही राह्यलो बाबा, माशी हाकलून राह्यलो! मी काय बैल हाओ का?" बाबा म्हणायचे, "बैल आयकते तरी." तो तसाच बाजारात बसला. कांदे मापतानाही छुनछुन. एक म्हातारी गोंडीण थांबली, त्याला वरून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाली, "दंडारीच्या नाचातून पयून आला का रे लेका? मोरपिसं कुठं टाकली?" सगळा बाजार हसला. भूषणही हसला, पण घरी येऊन जेवला नाही. त्या दिवशी मी घुंगरू सोडले. खाज थांबवायचे थेंब डॉक्टरीणबाईंनी दिलेच होते. ते वेळेवर घातले तर घुंगरांची गरजच नव्हती.

आता तुमची वाटी. आत्याबाई, रागावू नका. तुम्ही सांगितलं तसं आम्ही एकवीस दिवस, रोज दिवेलागणीला, तूप लावून भूषणचे तळपाय वाटीनं घासले. तळवे काळे झाले म्हणजे डोळ्यांतली उष्णता निघाली, असं आईनं जाहीर केलं. तिसऱ्या दिवशी तो तुपाळ पायांनी उठला आणि उंबरठ्यावरून घसरून थेट टमाट्याच्या क्रेटमध्ये बसला. पाचव्या दिवसापासून मांजर त्याच्या पायथ्याशी मुक्कामाला आली. दहाव्या दिवशी बाबा म्हणाले, माझेही घास. मग देवाजीकाका, मग त्यांच्या सूनबाई. एकवीस दिवसांत गल्लीतल्या सगळ्यांना गाढ झोप लागू लागली. वाटी फार गुणाची आहे. फक्त भूषणचा पडदा आणखी पातळ झाला.

हे मी चिडून लिहीत नाही. आदिलाबादला पुन्हा यंत्रानं मोजलेलं लिहिते आहे. यावर उपाय आहे. डोळ्यात जीवनसत्त्वाचे पिवळे थेंब घालून वरून एक खास प्रकाश सोडतात. त्यानं पडदा घट्ट होतो आणि रोग बहुतेक तिथेच थांबतो. (बाबांनी विचारलं, जीवनसत्त्वच आहे तर पालक खाऊन होणार नाही का? दोन आठवडे आम्ही पालकच खातो आहोत.) गेलेली नजर त्यानं परत येत नाही. ती पुढे कडक लेन्स घालून सुधारते. पण पडदा फारच पातळ झाला, तर हा उपायही करता येत नाही. मग तो पडदाच बदलण्याची वेळ येऊ शकते. हैदराबादच्या दवाखान्यात पुढच्या गुरुवारची तारीख मिळाली आहे.

बाबा नाही म्हणतात. तुम्ही फोनवर म्हणाला होतात, "नागोराव, पोराच्या डोळ्याले कोनाले हात लावू देऊ नको." तुम्ही ते मायेनं म्हटलं, पण बाबांसाठी मोठ्या बहिणीचा शब्द म्हणजे दगडावरची रेघ. माझी पदवी त्यापुढे काहीच नाही, आणि ते बरोबरही आहे. त्यांच्या लहानपणी आजी गेल्यावर तुम्हीच त्यांना वाढवलं.

मामाजींना नमस्कार. पत्र ओबडधोबड झालं असेल तर लहान समजून माफ करा.

तुमची,
दामिनी

ता. क. तर आत्याबाई, रविवारच्या आत बाबांना फोन करा. मी लिहिलं असं सांगू नका. तुमच्याच मनात आलं असं म्हणा. "नेऊन दाखव पोराले" एवढे तीन शब्द पुरे. स्पीकर चालूच असेल, म्हणजे आईलाही वेगळं सांगावं लागणार नाही.

ता. क. दुसरं. हे वाचून झाल्यावर पत्र चुलीत घाला. डॉक्टरीणबाईंनी सख्ख्या भावंडांचीही तपासणी करायला सांगितली, म्हणून मीही यंत्रापुढे बसले होते. माझ्या डाव्या डोळ्यातही सुरुवात आहे. थोडीच आहे, पण आहे. भूषणला कळलं, तर तो "आधी ताईचं" म्हणून अडून बसेल, आणि त्याच्याजवळ तेवढा वेळ नाही. गुरुवारी आई-बाबा त्याच्याजवळ असतील, तेव्हा शेजारच्या खोलीत माझी पुढची तपासणी आहे. सगळ्यांना समजावणारी मीच, पण तिथे एकटीनं बसायची मला भीती वाटते. तुम्ही हैदराबादला या. भूषणसाठी आलात, असंच सगळ्यांना वाटू द्या.