विमानातलं मला सगळं कळतं

१ सप्टेंबर, सकाळी ६
साखर कारखान्याच्या चेअरमन साहेबांनी आठ सीटचं जेट घेतलंय. जुनंच, पण नांदेडच्या विमानतळावर नवं दिसतं. साहेब म्हणाले, देविदास, तू माझा पीए. विमान समजून घे, दसऱ्याला तुला दिल्लीला नेतो. संकल्प: महिन्यात विमान तोंडपाठ.

५ सप्टेंबर
मॅन्युअल सहाशे पानी. अकरा पानं झाली. उरलेलं यूट्यूबवर बघणार.

११ सप्टेंबर
ऑक्सिजन, केबिन प्रेशर झालं. जेवताना बबिताला समजावलं. प्रेशर गेलं की आधी स्वतःचा मास्क, मग बायकोचा. म्हणाली, तुमचं घरी पण तसंच असतंय. अभ्यासू माणसाला घरात किंमत नसते.

१९ सप्टेंबर
पिटो ट्यूब! विमानाच्या नाकाजवळची नळी. समोरून हवा आत शिरते, त्यावरून पायलटला वेग कळतो. नळी बुजली की संपलं. कुंभारमाशीनं घर केलं तरी घात. म्हणून उभ्या विमानाच्या नळीला लाल टोपडं घालतात. कॅप्टन मल्लिकार्जुनना हे सगळं समजावलं. ते घड्याळ बघत ऐकत होते. वीस वर्षं उडवतात, पण एवढं सविस्तर कुणी सांगितलं नसावं.

२४ सप्टेंबर
विमानाचा वॉचमन पंढरी, मुदखेडचा. चाकाला लिंबू-मिरची बांधली त्यानं. झाडला. म्हटलं, हे एव्हिएशन आहे, टेम्पो नाही. पिटो ट्यूबची माहिती सगळ्यांसमोर पाठ म्हणायला लावली. तीनदा चुकला. मजा आली.

२ ऑक्टोबर, दसरा, सकाळी ११
कॅप्टननी फेरी मारून विमान तपासलं, टोपडी काढली, आत जाऊन बसले. मग साहेबांच्या आई केवळाबाईंनी पूजा केली. झेंडूचा हार, हळदकुंकू. नारळ मी मुद्दाम दूर दगडावर फोडायला लावला. सेफ्टी. उदबत्ती खोचायला केळं आणायचं राहिलं होतं. जागा मीच शोधली. नाकाजवळच, बरोब्बर मापाची. पंढरी पुटपुटला, "साहेब, ती नळी तर..." मी डोळे वटारले. शुभकार्यात अपशकुन! फोटोत घाण दिसू नये म्हणून उरलेली काडी मोडून आत ढकलली. उदबत्ती खोचतानाचा माझा फोटो स्टेटसला टाकला: 'जेटची पूजा माझ्या हस्ते.' निघालो दिल्लीला!

दुपारी ३
विमान रनवेवर सुसाट सुटलं. कॅप्टन ओरडले, माझ्या मीटरवर वेग शून्य! मला त्याच क्षणी कळलं. अख्ख्या विमानात फक्त मलाच. मी आधी स्वतःचा पट्टा आवळला. कॅप्टननी ब्रेक दाबले, दोन टायर फुटले, साहेबांच्या कपाळावर टेंगूळ. डोकं गुडघ्यात घालून बसायची माझी पद्धत मात्र निर्दोष होती.

नळीतून काडी निघाली. मी लगेच पंढरीचं नाव सांगितलं. लिंबू-मिरची सगळ्यांना ठाऊकच होती. साहेबांनी त्याला तिथंच काढला. तो माझ्याकडे बघत राहिला. त्याची मुलगी गीतांजली विष्णुपुरीला इंजिनिअरिंग करते. शिकलेली पोरगी, सांभाळेल बापाला. जेवण चांगलं गेलं.

३ ऑक्टोबर
स्टेटस काढायचं राहिलं. ३१२ जणांनी बघितलं. त्यात कॅप्टन आहेत. सगळ्यात वर साहेब.

५ नोव्हेंबर
उसाच्या काट्यावर बदली होऊन महिना झाला. ट्रॅक्टर वजनाला घ्यायचा, पावती फाडायची. तात्पुरतं असणार. माझ्याएवढी माहिती कुणाला आहे?

सकाळी पंढरीचा फोन. साहेबांनी त्याला परत घेतलंय, हे माहीत होतं. म्हणाला, "साहेब, दिल्लीला निघालोय. तुमच्याच शीटवर बसलोय. ह्यो पट्टा कसा लावायचा? तुम्हाला लई माहिती हाय."

सांगितलं. पट्टा, त्याचं कुलूप, मास्क, मागचं दार, पिटो ट्यूबसुद्धा. कुठलाच मुद्दा सोडला नाही. दहा मिनिटांनी विचारलं, समजलं का? फोन केव्हाच बंद झाला होता. खिडकीतून ट्रॅक्टरवाला ओरडत होता, ओ काटेवाले, वजन सांगा की.