बाइंडिंगच्या दुकानात अथेन्स

७ जुलै, रविवार
झालं एकदाचं सुरू आमचं वाचन मंडळ. प्राचार्यांनी कॉलेजचा वर्ग दिला नाहीच. "रविवारी बारावीची जादा बॅच असते. आणि तुमच्या ग्रीकांवर मेडिकलला प्रश्न येतो का?" वर हसले. सतरा वर्षं राज्यशास्त्र शिकवतोय या लातुरात, हेच ऐकायचं राहिलं होतं.
शेवटी रशीदभाईच्या बाइंडिंगच्या दुकानात बसलो. चहूकडं क्लासवाल्यांच्या केमिस्ट्री नोट्सचे गठ्ठे, मधे आम्ही तिघं. मी, रशीदभाई आणि झेडपी शाळेच्या शिक्षिका शोभा कांबळे. शोभाताई माझ्या बायकोच्या, सुलभाच्या माहेरच्याच गावच्या, शाळेत तिच्या वर्गात होत्या. एक पालकही आला होता, "नोट्स देणार का?" विचारून गेला.
वाचायचं कुणी, यावर अडलं. मी सांगितलं, अथेन्सात पदंसुद्धा चिठ्ठ्या टाकून द्यायचे. र.भाईनं लगेच कातरणातल्या तीन चिठ्ठ्या केल्या, खळीच्या रिकाम्या डब्यात टाकल्या. "ज्याचं नाव निघंल त्यानं वाचायचं. उस्ताद असो का शागिर्द."
त्यांचंच नाव निघालं. त्या ग्रीकांचं मी केलेलं भाषांतर अडखळत वाचलं, पण काय वाचलं! लई दिवसांनी बरं वाटलं.

१४ जुलै
अथेन्सच्या त्या विष प्यायलेल्या म्हाताऱ्याचा खटला. गप्प बसतो म्हण, सोडून देतो, असं सांगितलं तरी गप्प बसायला तयार नाही.
र.भाई : "घरात बायकापोरं होती ना याच्या? हट्टी माणूस."
शो.ताईंनी वहीत लिहून घेतलं.

२१ जुलै
आज जुंपली. म्हाताऱ्याला चिठ्ठ्या मान्य नव्हत्या. जहाजाचा तांडेल कुणी चिठ्ठी टाकून निवडतं का, म्हणायचा. मी त्याची बाजू घेतली, वर्गात घेतो तशी.
शो.ताई म्हणाल्या, "जहाज हाकायला चिठ्ठी नको, कबूल. पण जहाजात कुणी कुठं बसायचं, त्याला?"
मग कळलं त्यांच्या मनात काय आहे. तीन वर्षांमागच्या भूकंपात त्यांचं गाव भुईसपाट झालं, तेव्हापासून सगळे पत्र्याच्या शेडात. आता नवी घरं बांधून तयार. वाटायची कशी? पंच म्हणतात जुन्या गल्लीप्रमाणे. म्हणजे बौद्धवाडा पुन्हा नाल्याकडेला. ताईंची आई नि भाऊ तिथंच. ताई म्हणतात, चिठ्ठ्या टाका.
पंचांत मुख्य कोण? आमचे सासरे, आप्पा.
जीव एका जागी ठरंना. दोनदा गंजगोलाईच्या बाजाराला चक्कर मारून आलो, काम काहीच नव्हतं.

२८ जुलै
मंडळ बुडवलं. सासुरवाडीला गेलो. आप्पांनी शेडातल्या एकुलत्या एका खुर्चीवर बसवलं, स्वतः पोत्यावर. विषय मीच काढला. म्हणाले, "जावईबापू, सुलीच्या आईला मातीतून काढलं ते गल्लीनंच. तेवढे शेजारी राहिलेत. तेबी पांगवू का? तुम्ही दोन दिस रहा, खावा-प्यावा. गावकीत पडू नका."
म्हातारा माणूस रडला.
पण मी होतो भूकंपाच्या त्या दिवशी तिथं. माती उपसणाऱ्यांत शो.ताईंचा भाऊही होता. सासूबाईंचा देह त्यानंच उचलून बाहेर आणला. हे आप्पांना माहीत आहे. मलाही.

४ ऑगस्ट
उठताना शो.ताई म्हणाल्या, "पंधरा ऑगस्टला ग्रामसभा हाय. मी बोलणार. तुम्ही फकस्त पाहिलं तेवढं सांगा, दाजी."
इतकी वर्षं 'सर' म्हणायच्या. दाजी आजच. गावची लेक म्हणून हक्कानं.
हो म्हणालो.

१५ ऑगस्ट, गुरुवार
झेंडावंदन झालं, सभा बसली. आप्पांनी जावयाची खुर्ची आपल्याशेजारी मांडली होती. पहिला चहा मला.
ताई उभ्या राहिल्या. आवाज कापत होता तरी बोलल्या. "माती उपसताना गल्ली कुणी विचारली न्हाई. आप्पांच्या घरातबी माझा भाऊच घुसला. दाजी होते तिथं. विचारा."
सगळी सभा माझ्याकडं. आप्पा मात्र जमिनीकडं बघत होते. मागनं कुणीतरी, "जावयाचं काय काम मधी?"
मी कप खाली ठेवला. पुन्हा उचलला.
तेवढ्यात गलका झाला. सभा पुढच्या गुरुवारवर गेली.

१६ ऑगस्ट
वाटलं होतं, सुलभाला बरं वाटेल, बापाची बाजू राहिली म्हणून. सभेचं सगळं ऐकून पोळ्या लाटता लाटता म्हणाली, "तुमचा म्हातारा विष प्यायला. तुम्हाला आप्पांचा चहा सोडवंना."
मी म्हणालो, "तुझ्याच वडलांसाठी..."
"माझी आई होती ती. कुणी काढली ते मला ठाऊक नव्हतं. तीन वर्षं तुम्ही सांगितलं न्हाई."
खरंच सांगितलं नव्हतं. का, ते मलाही धड सांगता येत नाही. लाज वाटते स्वतःची.

१८ ऑगस्ट, रविवार
ताई येणार नाहीत असं वाटलं होतं. माझ्याआधी येऊन बसल्या होत्या. र.भाईनं डबा हलवला. माझीच चिठ्ठी.
खटल्याचा उरलेला भाग. गप्प बसणं मला जमायचं नाही, असं म्हातारा सांगतो ती जागा. भाषांतर माझं, अक्षर माझं. दोन ओळी वाचून थांबलो. र.भाईनं पाण्याचा तांब्या पुढं केला.
शो.ताई वहीतून मान वर न करता म्हणाल्या, "वाचा ना, सर."
सर.
वाचलं शेवटपर्यंत, कसंबसं. येताना स्टँडवर गुरुवारची गावाकडची पहिली एसटी विचारून आलो. सव्वासहाला आहे. सुलभा म्हणते, मीपण येते.